पाठमोरी खुर्ची

सर मला 'भूगोल' म्हणत. माझं नाव त्यांना ठाऊक नव्हतं असं नाही. माझ्या लग्नाची पत्रिका त्यांनी सगळ्या स्टाफरूमला उभं राहून वाचून दाखवली होती, आणि तीही आजोबांचा आवाज वेगळा, मामांचा वेगळा, 'आमच्या काकाच्या लग्नाला यायचं हं'वाल्या चिमुकल्यांचा वेगळा, अशी. पण दुसऱ्या दिवशी मी पुन्हा भूगोल. आमच्या भिवंडीच्या ज्युनिअर कॉलेजात त्यांच्या लेखी माणसं नव्हतीच, विषय होते. "अर्थशास्त्र, जरा सरकून बसा." "रसायन, आज डब्यात काय? वास बरा येतोय." प्राचार्यांना ते 'प्रशासन' म्हणत, तेही तोंडावर. आणि स्वतःची ओळख करून देताना छातीवर हात ठेवून म्हणत, "मी इतिहास. अजून जमा व्हायचाय."

शिकवायचे इतिहास, पण त्यांचा जीव अडकलेला नाटकात. दरवर्षी अकरावीची कोवळी, घाबरट पोरं गोळा करायची, त्यांना रंगमंचावर उभं करायचं आणि ठाण्याच्या एकांकिका स्पर्धेला घेऊन जायचं, हा त्यांचा धर्म. घर लूमवाल्यांचं, म्हणजे यंत्रमागवाल्यांचं. मूळचे कोकणी मुसलमान, दोन पिढ्यांपासून शेड, भाऊ आजही लूम चालवतात. सर एकटेच मास्तर निघाले. "घरात एक तरी माणूस शांत जागी बसून बोलणारा हवा होता," असं ते सांगत. शर्ट मात्र कायम घरच्या कापडाचा, न धुतलेल्या तांदळासारख्या रंगाचा. दहा शर्ट एकाच ताग्यातले. त्यामुळे सर कपडे बदलतात की नाही, हा आमच्याकडे बरीच वर्षं संशोधनाचा विषय होता.

नाटकात काम करायला आलेल्या पोराला वाटायचं, आता आपल्याला डायलॉग मिळणार. सर त्याला काहीच देत नसत. पहिले कितीतरी दिवस फक्त उभं राहायचं.

"आजच्या पोराच्या हातातला मोबाईल काढून घ्या, त्याला हातांचं काय करायचं तेच कळत नाही," सर म्हणत. "हात म्हणजे बिनबोलावलेले पाहुणे रे. त्यांच्याकडे सारखं बघू नका, चहा विचारू नका. थोड्या वेळाने आपोआप गप्प बसतात."

हा उभं राहण्याचा सराव वर्गात नसे. भर नाक्यावर असे. मोबाईल सरांच्या खिशात, पोरगं रस्त्याच्या कडेला. टेकायचं नाही, खाजवायचं नाही, कोणाची तरी वाट बघतोय असा चेहरा करायचा नाही. एकदा एक पोरगा कॉलेजसमोरच्या मिठाईच्या दुकानाबाहेर असा उभा राहिला. दुकानदार थोडा वेळ बघत राहिला, मग बाहेर आला.

"क्या चाहिए?"

"कुछ नहीं, चाचा."

"किसी का इंतजार है?"

"नहीं."

"तो खड़ा कायको है?"

"सीख रहा हूँ."

"क्या?"

"खड़ा रहना."

चाचा हातातला चिमटा तसाच घेऊन थेट स्टाफरूममध्ये आले. "सर, बच्चे को दिखाओ किसी को. इत्ता बड़ा हो गया, अब खड़ा होना सीख रहा है!" सरांनी त्यांना नीट न्याहाळलं आणि म्हणाले, "चाचा, तुम्हीही या उद्यापासून. गल्ल्यावर फार वाकता."

उभं राहणं झालं की आडवं होणं. पोरांना स्टेजवर उताणं झोपवून प्रत्येकाच्या पोटावर एक पुस्तक ठेवायचे. श्वास घेतला की पुस्तक वर गेलं पाहिजे, छाती नाही. पुस्तक कुठलं? भूगोलाचं. मी तक्रार केली तर म्हणाले, "जड नाही, हलकं नाही, आणि कोणी वाचत नाही. दुसरं कुठलं घेऊ?" एके दिवशी प्राचार्य अचानक हॉलमध्ये आले. समोर पोरांची रांग आडवी, पोटांवर माझा विषय वरखाली होतोय. "हे काय चाललंय?" त्यांनी विचारलं. सर म्हणाले, "प्रशासन, हळू बोला. भूगोल पचवतायत."

माईक त्यांना दिसता कामा नये. "माईक म्हणजे भाड्याची शेरवानी. अंगावर चढते, आपली होत नाही." आणि आवाज 'फेकणे' हा शब्दही त्यांना चालत नसे. "फेकायला तो काय दगड आहे? आवाज पोचवायचा असतो. पार्सल पत्त्यावर जातं तसा." त्यावर राहनाळच्या एका गोडाऊनमध्ये सुट्टीच्या दिवशी कामाला जाणारा एक पोरगा प्रामाणिकपणे म्हणाला, "सर, पण आमच्याकडे फेकूनच पोचवतात." सरांनी कपाळाला हात लावला. मग म्हणाले, "म्हणूनच माझ्या पोरीने मागवलेली लोणच्याची बरणी फुटून आली!"

गोड माणूस होता असं वाटेल तुम्हाला. होताच. पण दुसऱ्या कॉलेजचं नाटक त्यांनी कधी चांगलं म्हटलं नाही, चहाबरोबरची बिस्किटं पुडा संपेपर्यंत कोणाला दिली नाहीत, आणि तालमीत कोणी जांभई दिली तर ती जांभई त्याला पुन्हा, 'नीट' द्यायला लावत.

शिवाय काही सवयी अशा, की त्यांचा अर्थच लागत नसे. फोन उचलायचे नाहीत. व्हिडिओ कॉल करा म्हणायचे. सुट्टीचं वेळापत्रक विचारायला फोन करावा, तर पडद्यावर सरांचं अर्धं कपाळ आणि एक भुवई. "तोंड दाखवा, भूगोल, तोंड!" मी दाढीला साबण लावून बसलेलो असलो तरी. कॉरिडॉरमधून बरोबर चालताना ते शेजारून चालत नसत. अर्धं पाऊल पुढे, आणि चेहरा मागे वळवून. दोन वेळा कुंडीला धडकले. दिवे गेले की बोलता बोलता थांबत आणि दिवे येईपर्यंत एक शब्द बोलत नसत. करोनात सगळे मास्क लावून फिरत होते, तेव्हा तर हा माणूस इतका चिडचिडा झाला की विचारू नका. आम्ही या सगळ्याला एकच नाव दिलं होतं: नाटकवाला आहे.

करोना सरल्यानंतरच्या एका वर्षीची एकांकिका सरांनी स्वतः लिहिली होती. भिवंडीजवळच्या पूर्णा गावातली एक बाई. शेत विकलं, त्यावर गोडाऊन उभं राहिलं. पण तिच्या म्हशीला कोणी सांगणार? ती आपली संध्याकाळ झाली की पायाखालच्या वाटेने येते आणि गोडाऊनच्या गेटसमोर उभी राहते. वॉचमन यूपीचा. रोज भांडण. एक दिवस म्हैस गेटमधून आत शिरते आणि उंच उंच मांडण्यांच्या गल्ल्यांत हरवते. बाई गेटवर उभी राहून तिला हाका मारते, 'चांदे, चांदे' करत, आणि नाटक संपतं. सगळं नाटक त्या शेवटच्या हाकेवर टांगलेलं.

बाईच्या कामासाठी सरांनी प्रणालीला निवडलं. राहनाळची, अकरावी कला, शेवटच्या बाकावरची. हजेरीला 'हजर' म्हणण्याऐवजी हात वर करणारी. मी म्हटलं, "सर, हिला?" ते म्हणाले, "भूगोल, बघा, ती उभी आहे." खरंच, बाकीची सगळी पोरं चुळबुळत होती आणि ती पोरगी नुसती उभी होती. स्टेज माणसांनी भरलेलं असतं तरी तिच्याकडेच बघितलं असतं, अशी.

मला सरांनी प्रॉम्प्टर केलं. म्हणजे विंगेत स्टुलावर बसायचं, हातात संहिता, कोणी अडलं तर पुढचा शब्द सुचवायचा. आमच्या हॉलची मागची भिंत आणि एका लूमच्या शेडची भिंत, मधून एक मांजर जाईल एवढीच जागा. तालीम सुरू झाली की पलीकडे खटाखट खटाखट चालूच. मी मूळचा साताऱ्याकडचा. इतकी वर्षं इथे काढूनही त्या आवाजात मला धड ऐकू येत नसे. पण वॉचमन झालेल्या मोईनचं मला ऐकू येई, नाटकातल्या सरपंचाचं येई. प्रणाली आली की काही नाही. तिचे ओठ हलताना दिसत, आणि मी आपला विंगेतून ओरडून वाक्य देई.

"अहो भूगोल!" सर खालून गर्जत. "ती बोलतेय ना! मधे काय कडमडताय?"

"सर, ती वाक्य विसरली."

"कुठे विसरली? बोलली की. आणि काय सुरेख बोलली! शब्द कसा सुटा सुटा!"

मी पोरांकडे बघितलं. मोईन माझ्यावर दया आल्यासारखा म्हणाला, "सर, बोला उसने. पूरा बोला."

असं रोज. शेवटी मी कल्याणला जाऊन कानाच्या डॉक्टरला दाखवून आलो. डॉक्टर माझ्या मागे उभे राहून कुजबुजत एकेक भाजी म्हणाले. गवार. पडवळ. दुधी. मी सगळ्या बिनचूक सांगितल्या. डॉक्टर म्हणाले, "मग त्रास काय?"

"भिवंडीत ऐकू येत नाही."

"भिवंडीत कोणाला येतं?" असं म्हणून त्यांनी पुढच्या पेशंटला हाक मारली.

शुक्रवारी आमच्याकडे लूम बंद. गावाची सुट्टी, म्हणून तालमीलाही सुट्टी. पण स्पर्धा जवळ आली तेव्हा सरांनी जाहीर केलं, "या शुक्रवारी नमाजनंतर सगळे हॉलवर." दुपारी सर आले, अत्तराचा घमघमाट, नवा शर्ट, म्हणजे जुन्यासारखाच. पलीकडची शेड गप्प. तुम्ही भिवंडीत राहिला नसाल तर तुम्हाला शुक्रवार कळायचा नाही. अचानक कावळा ऐकू येतो. तीन घरं सोडून कुकरची शिट्टी होते आणि आपण दचकतो.

मोईनने पहिलं वाक्य म्हटलं आणि स्वतःच मागे वळून बघितलं, हे कोण ओरडलं म्हणून. सगळी पोरं आपापल्या आवाजाला भिऊन हळू हळू बोलू लागली. मग प्रणाली आली. गेटसमोर उभी राहिली. बोलू लागली.

ओठ हलतायत. भुवया, डोळे, मान, सगळं बोलतंय. आणि हॉलमध्ये आवाज फक्त पंख्याचा.

मोईनने तिला बरोबर उत्तर दिलं. ती पुन्हा ओठ हलवू लागली. तो पुन्हा उत्तर देऊन मोकळा. समोर पोरं तल्लीन. सरांच्या डोळ्यांत पाणी. मी स्टुलावरून अर्धा उठलो होतो. माझ्या कानांचं आता खरंच काही खरं नाही, याची मला खात्री पटली होती. तेवढ्यात आमचा शिपाई चहाची किटली घेऊन आला, जळगावकडचा माणूस. थोडा वेळ बघत राहिला आणि सरांच्या खांद्याला हात लावून म्हणाला, "सर, हिचा आवाज बंद करून ठेवलाय का?"

मी विंगेतून उडीच मारली. "म्हणजे मी बहिरा नाही!"

माझ्याकडे कोणीही लक्ष दिलं नाही. सर उठले. स्टेजवर गेले. हातातली संहिता त्यांनी प्रणालीच्या तोंडासमोर पडद्यासारखी धरली. "बाळ, आता बोल."

काही नाही.

"बोललीस?"

संहितेच्या वर दिसणारे डोळे 'हो' म्हणाले. सरांनी पोरांना विचारलं, "कोणी ऐकलं?" पोरं एकमेकांकडे बघू लागली. संहिता बाजूला झाली, प्रणालीचे ओठ पुन्हा हलले, आणि मोईन हळूच मला म्हणाला, "सर, वो बोल रही है, 'मी बोलत होते.'"

आपला आवाज निघत नाही, हे पोरीला खरंच माहीत नव्हतं. तिची आई शहरातल्या एका शेडमध्ये कांड्या भरते, म्हणजे लूमच्या धोट्यात बसणारी सुताची रिळं. पोरीच्या जन्माच्या आधीपासून. त्या आवाजात आईचे कान जवळजवळ गेले. पोरगी शाळा सुटली की त्याच शेडमध्ये कोपऱ्यात बसून गृहपाठ करायची. तिथे आवाज काढून उपयोग नसतो. तोंड मोठं करून शब्द नुसता दाखवायचा असतो. घरी गेल्यावरही आईला तसंच दाखवायचं. शाळेत तिच्या 'हाय-न्हाय'ला पोरी हसल्या, म्हणून तिथेही आवाज बंद. पोरीकडे आवाज होता, पण तो वापरायचा प्रसंगच आला नव्हता. आणि आमची निम्मी नटमंडळी लूमच्या घरांतली. त्यांना ती सगळी ऐकूच येत होती. डोळ्यांनी.

सर स्टेजच्या कडेला बसले. "पोरांनो, चूक माझी," ते म्हणाले. "माझा डावा कान कधीच गेला. उजवा जायच्या वाटेवर आहे. मी तुम्हाला कानांनी ऐकतच नव्हतो रे. तोंडं वाचत होतो."

व्हिडिओ कॉल. कुंड्या. दिवे गेल्यावरचं मौन. मास्क. मी विंगेत उभा राहून एकेक हिशेब जुळवत होतो, आणि हा माणूस इतकी वर्षं आम्हाला आवाजाचे धडे देत होता या विचाराने मला हसू येत होतं आणि येतही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सर तालमीला आले ते थेट हॉलच्या शेवटच्या रांगेत गेले आणि खुर्ची उलटी फिरवून, स्टेजकडे पाठ करून बसले. "आता बोला. मला ऐकू आलं तर हात वर करीन. बहिऱ्याला ऐकू आलं, तर ठाण्याच्या परीक्षकाच्या बापालाही ऐकू येईल."

आणि काय सांगू, पोरं सुधारली! बाहेर लूम चालू, समोर सरांची पाठ, टकलावर पंख्याची सावली फिरतेय, आणि तो एक हात वर यावा म्हणून पोरं जिवाचं रान करतायत. आधी घसा फाडून ओरडले. हात आला नाही. "ओरडू नका, शब्दाचा शेवट खाऊ नका!" पाठ म्हणाली. मग हळूहळू शब्द रुंद झाले, श्वास खाली उतरला, आणि हात वर येऊ लागला. मोईनला पहिल्यांदा हात मिळाला तेव्हा त्याने सेल्फी काढायला मोबाईल मागितला. मिळाला नाही.

एक प्रणाली सोडून सगळ्यांना हात मिळाला.

इथेच सांगून टाकतो, म्हणजे शेवटपर्यंत वाट बघत बसायला नको: स्पर्धेत आम्हाला उत्तेजनार्थ बक्षीस मिळालं, आणि सरांनी पहिल्या आलेल्या कॉलेजला नावं ठेवत भिवंडी गाठली. म्हशीच्या मालकिणीचं काम कोणी केलं, ते मात्र आत्ता सांगणार नाही.

कारण ते ठरलं नव्हतंच. प्राचार्यांनी सरांना बोलावून घेतलं. कॉमर्सला एक पोरगी होती. तिने जिन्यात मैत्रिणीला हाक मारली की पार्किंगमधल्या गाड्या केकाटायच्या. "तिला घ्या," प्राचार्य म्हणाले. "मुकी नायिका घेऊन ठाण्याला जाणार का?"

"येत्या शुक्रवारपर्यंत थांबा," सर म्हणाले. "नाही जमलं तर मी स्वतः प्रणालीला सांगेन."

ही बातमी कॉलेजात फिरायला मधली सुट्टी पुरते. प्रणाली स्टाफरूमच्या दारात येऊन उभी राहिली. सरांचं तोंड पुस्तकात. ती आत आली, त्यांच्या समोर गेली आणि, तिने आवाज काढायचा प्रयत्न केला हे मला दिसलं, इतका बारीक की डास बरा.

"सर, मला काढू नका. आईनं स्पर्धेच्या दिवसाची रजा सांगून ठेवलीय. ती कधी रजा घेत न्हाय."

सरांनी ते कानांनी ऐकलं की डोळ्यांनी, कोण जाणे. म्हणाले, "मी काढत नाही. तू आत अडकलीयस. बाहेर ये."

मग आठवडाभर काय काय झालं! छातीवर तळवा ठेवून गुणगुणायला लावलं. टेबलाला हनुवटी टेकवून 'म' म्हणायला लावलं, टेबल थरथरलं पाहिजे म्हणून. जिन्याच्या वर सर, खाली ती. आवाज निघू लागला. पण तिसऱ्या रांगेपर्यंत यायचा आणि तिथेच बसायचा, दमलेल्या म्हातारीसारखा. पाठमोरा हात काही वर येईना. गुरुवारी सर मला म्हणाले, "भूगोल, हिला आवाज आहे. पण जिच्याशी बोलावंसं वाटतं, तिला आवाज लागतच नाही. हिने काढायचा कोणासाठी?"

शुक्रवारी लूम बंद. सर नमाजहून आले ते एका बाईंना बरोबर घेऊन. केसांत अजून कापसाचे तंतू, साडीचा पदर घट्ट खोचलेला, हातात पिशवी. प्रणाली विंगेत माझ्या शेजारी होती. तिने माझी बाही धरली.

"आय हाय ती माझी," ती म्हणाली.

सरांनी शेवटच्या रांगेतली स्वतःची पाठमोरी खुर्ची पुसली आणि तोंड मोठं करून, एकेक शब्द दाखवत म्हणाले, "मावशी, बसा. भिंतीकडे बघून."

"मंग नाटक कसा दिसंल?"

"दिसणार नाही."

"शिक्षा हाय का काय?"

"आहे. माझी. तुम्ही फक्त माझ्या जागी बसा."

मावशी बसल्या. पिशवी मांडीवर. सर त्यांच्यासमोर मागच्या भिंतीला टेकून उभे राहिले, त्यांचा चेहरा दिसेल असे. म्हणजे आता स्टेजवरून प्रणालीला काय दिसत होतं? आईचा अंबाडा. त्या पोरीने आयुष्यात आईच्या पाठीशी बोलून बघितलं नव्हतं. बोलणार कशी? तिचं सगळं बोलणं आईच्या डोळ्यांतून आत जायचं.

तालीम सुरू झाली. मोईन भांडला, सरपंच बोलला. प्रणाली बोलली. मावशींनी वर पंख्याकडे बघितलं. प्रणाली पुन्हा बोलली. मावशींनी पिशवीतली कोथिंबीर नीट केली. सरांनी लांबून मान हलवली: नाही.

शेवट आला. गेट. हरवलेली म्हैस. "चांदे..." तिसऱ्या रांगेत आवाज बसला. "चांदेऽ..." पाचव्या. सरांनी मान हलवली. प्राचार्य दारात येऊन उभे होते, त्यांच्यामागे कॉमर्सची ती पोरगी. तिला कोणी बोलावलं होतं ते विचारू नका. भिवंडीत माणूस आपोआप येतो.

सर भिंत सोडून चालत आले. अख्खा हॉल ओलांडून स्टेजच्या कडेपर्यंत. मी विंगेत होतो, म्हणून मला ऐकू आलं.

"म्हशीला सोड," ते प्रणालीला म्हणाले. "म्हैस खोटी आहे. तिकडे जी खरी बसलीय, तिला हाक मार."

"ती ऐकनार न्हाय, सर."

"तू कधी मारून बघितलीस?"

आणि वळून पुन्हा आपल्या भिंतीपाशी गेले.

प्रणाली उभी राहिली. मी त्या पोरीला तोवर बरेचदा उभं राहिलेलं पाहिलं होतं, पण तेव्हाचं उभं राहणं वेगळं. हात दोन्ही बाजूंना, शांत. श्वास खाली जाताना दिसला, पोट भरलं, खांदे हलले नाहीत. आणि ती म्हणाली,

"आयेऽऽऽ!"

सुंदर आवाज होता असं मी म्हणणार नाही. फाटका होता. मधे दोनदा चिरला. इतकी वर्षं बंद पेटीत ठेवलेल्या लुगड्याला जशी घडीवर भेग पडते, तसा. पण तो गेला. रांगांवरून गेला, पंख्यांखालून गेला, प्राचार्यांच्या डोक्यावरून गेला, आणि मावशींची कोथिंबीर खुडणारी बोटं थांबली.

आधी मान वळली. मग मावशी खुर्चीत अख्ख्या वळल्या आणि स्टेजकडे बघून, बहिऱ्या माणसाला आपला आवाज किती मोठा आहे ते कळत नाही तशा, हॉल दणाणून म्हणाल्या,

"वरडतेस कशाला गो? हाय मी हितंच!"

आधी मोईन हसला, मग सगळे. प्रणाली हसतही होती आणि नाकही पुसत होती. प्राचार्य कॉमर्सच्या पोरीला हळूच म्हणाले, "तू जा, बाळ, तास चालू असेल." शुक्रवारी दुपारी कसला तास, पण ती गेली.

सर मात्र भिंतीशी बावरून उभे होते. मावशींनी तोंड स्टेजकडे फिरवलं होतं, आणि त्यांना फक्त अंबाडा दिसत होता. "काय म्हणाल्या?" ते हॉलच्या त्या टोकावरून विचारत होते. "भूगोल, काय म्हणाल्या त्या?"

एवढ्या हशात मी ओरडून काय सांगणार? मी विंगेतून पुढे आलो आणि आयुष्यात पहिल्यांदा भिवंडीकरासारखा बोललो. आवाज न काढता. तोंड मोठं करून, एकेक शब्द सुटा. सरांनी तो वाचला. मग ते भिंतीला पाठ घासत खाली बसले, आणि पोट धरून हसू लागले. श्वास पोटातच होता, छाती हलत नव्हती.

मावशी उठल्या. त्यांनी ती खुर्ची दोन्ही हातांनी उचलली, गरकन फिरवून स्टेजकडे तोंड करून ठेवली आणि ऐसपैस बसल्या.

"आता पयल्यापासून कर," त्यांनी लेकीला फर्मावलं.

प्रणाली आत गेली, गेटवर आली आणि पहिलं वाक्य बोलू लागली. मावशींनी तिच्या ओठांकडे एकदा बघितलं. मग डोळे मिटून घेतले.